घरात शिकलेलं राजकारण पुढे कधी आणि कशाने बदललं?

निशिगंधा_दादर (धागाकर्ती)

माझं लहानपण दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत गेलं. बाबा राष्ट्रीयीकृत बँकेत, काका नेमाने शाखेत जाणारे, आजी सोवळ्यातली, पण मतदानाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी आंघोळ करून केंद्रावर हजर. घरात राजकारणावर कोणी भाषण दिल्याचं आठवत नाही. गरजच नव्हती. 'ते लोक' एवढं म्हटलं की कळायचं. ते लोक म्हणजे कोण हे मात्र बदलत जायचं. ऑगस्ट १९९० मध्ये व्ही. पी. सिंगांनी मंडल जाहीर केलं तेव्हा एक, डिसेंबर ९२ नंतर दुसरे.

बाबासाहेबांचं राजगृह आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. ते कोणाचं घर हे सगळ्यांना ठाऊक, पण आमच्यापैकी कोणी आवारात पाऊल ठेवलं नव्हतं. ६ डिसेंबरला घरात सूचना असायची: आज पुलापलीकडे जायचं नाही, गर्दी आहे. शिवाजी पार्कात त्या दिवशी पुस्तकांचे एवढे स्टॉल लागतात हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. तेही एका शिपायाकडून.

नोकरी महापालिकेत, एका वॉर्ड ऑफिसच्या आस्थापना विभागात. माझ्या टेबलावर सफाई कामगारांच्या वारसांच्या फायली यायच्या. माहीत नसलेल्यांसाठी सांगते: लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगार निवृत्त झाला किंवा वारला की त्याच्या वारसाला सफाईच्या कामावर घेतात. फायलीत वडिलांचं सेवापुस्तक, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, बाकीच्या भावंडांची ना-हरकत. मुलगा बारावी झालेला, कधी मुलगी पदवीधर, आणि अर्ज झाडूच्या जागेसाठी. कारण नोकरी गेली की कर्मचारी वसाहतीतली खोलीही जाते, आणि मुंबईत खोली गेली की माणूस कुठे जाणार? सेवापुस्तकात मागे मागे जावं तर वडिलांच्या जागी वडील, त्यांच्याही आधी आजोबा.

आमच्या घरातलं ठाम वाक्य होतं की सरकारी नोकऱ्या सगळ्या त्यांनीच बळकावल्या. या एका नोकरीसाठी आमच्यातलं कोणी रांगेत उभं आहे, अशी एकही फाईल माझ्याकडे आली नाही.

तेव्हा मी काही वाचलेलं नव्हतं आणि मला कोणी समजावलंही नव्हतं. नंतर वाचलं. मत दुसरीकडे द्यायला लागले ते त्याच्याही नंतर.

आता मुद्दा. बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. फॅमिली ग्रुपवर सकाळी सात वाजता त्यांचा पहिला फॉरवर्ड येतो, मी उत्तर देते, आणि साडेसातला आईचा फोन: 'तू गप्प बसशील का, त्यांचं बीपी वाढतं.' मत बदललेल्या लोकांनी घरी काय केलं ते मला ऐकायचंय. बोलता की सोडून देता? आमच्याकडे तर रागावून दुसऱ्या खोलीत जावं म्हटलं तरी दुसऱ्या खोलीत आजीचा पलंग आणि आजी.

पक्षांच्या नावाने एकमेकांवर धावून जाऊ नका, संपादक धागा बंद करतील.

कटिंग_चहा

बसलो खुर्ची टाकून. शंभरी नक्की.

विलेपार्ले_पूर्व

विशीत जो डावा नाही त्याला काळीज नाही आणि चाळिशीत जो उजवा नाही त्याला डोकं नाही, असं चर्चिल म्हणून गेलाय. तुमचं उलट झालं, एवढंच.

आणि फायलींचं म्हणाल तर मी सीए आहे. माझ्याही टेबलावर फायली येतात. कर कोण भरतं आणि कोण चुकवतं हे बघून बघून माझी घरची मतं आणखी पक्की झाली. टेबल तुम्हालाही आहे, मलाही आहे.

पुरावा_कुठे

ते वाक्य चर्चिलचं नाही. त्याच्या आधीपासून वेगवेगळ्या रूपात फिरतंय. शिवाय त्याला ते शोभणारही नाही, कारण हा गृहस्थ पंचविशीत हुजूर पक्षाकडून निवडून आला, १९०४ मध्ये उठून लिबरलांत गेला आणि वीसेक वर्षांनी परत हुजूर पक्षात.

वय वाढलं की माणूस उजवीकडे सरकतो हेही तितकं सरळ नाही. धाग्याच्या विषयावर एक जुना अभ्यास आहे. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात बेनिंग्टन नावाचं मुलींचं कॉलेज १९३२ मध्ये सुरू झालं. मुली खात्यापित्या, रिपब्लिकन घरांतल्या. शिक्षक बहुतेक तरुण आणि रूझवेल्टच्या बाजूचे. थिओडोर न्यूकम हा समाजमानसशास्त्रज्ञ तिथेच शिकवत होता, त्याने मुलींची मतं वर्षानुवर्षं टिपून ठेवली. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या वर्षाच्या बहुसंख्य मुली आईवडिलांसारख्याच रिपब्लिकन लँडनच्या बाजूने होत्या. वरच्या वर्गांत लँडनवाल्या फारच थोड्या उरल्या.

मजा पुढे आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूकमने त्याच बायकांना पुन्हा गाठलं, आणि १९८४ मध्ये त्यांची आणखी एकदा पाहणी झाली. बहुतेक जणी होत्या तिथेच होत्या. म्हातारपणी घराकडे परतल्या नाहीत. ज्या परतल्या त्यांच्याबद्दल न्यूकमचं निरीक्षण असं की नवरा आणि मैत्रिणी जुन्या मतांच्या मिळाल्या की मत परत जातं, नव्या मतांच्या मिळाल्या की टिकतं.

तेव्हा धागाकर्तीला फायलींनी बदललं हे मला अर्धंच पटतं. शेजारच्या टेबलांवर कोण बसत होतं ते सांगा. ६ डिसेंबरच्या स्टॉलबद्दल सांगणारा तो शिपाई फायलीत नव्हता. आणि विलेपार्ले_पूर्व, तुमच्या ऑफिसात डबा कोणाबरोबर खाता तेही सांगा.

विलेपार्ले_पूर्व

डबा मी एकटा खातो. केबिन आहे.

पुरावा_कुठे

मग उत्तर मिळालं.

गिरणगावचा_नातू

सगळे एकाच दिशेने प्रवास करत नाहीत म्हणून आमच्या घराचं सांगतो.

आजोबा परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. लाल बावटा. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिला मोर्चा आजोबांच्या खांद्यावरून पाहिला, संयुक्त महाराष्ट्राचा. तेव्हा डांगे आणि अत्रे एकाच व्यासपीठावर असायचे, मराठी आणि कामगार हे दोन वेगळे पक्ष आहेत असं कोणाला वाटायचंच नाही. ते वेगळे झाले ६६ मध्ये शिवसेना निघाल्यानंतर. जून १९७० मध्ये आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले, सेनेचे पहिले आमदार. त्या निवडणुकीत आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आजोबांचं मत एकीकडे आणि दादांचं दुसरीकडे. आजी म्हणायची, दोघं एका ताटात जेवायचे पण महिनाभर एकमेकांशी अवाक्षर नाही, निरोप तिच्यामार्फत.

लक्षात घ्या, आमच्या घरात 'सनातनी' म्हणजे आजोबा! मार्क्सवर शंका घ्यायची नाही, युनियनवर तर मुळीच नाही. दादांचं बंड उजवीकडे गेलं.

मग १८ जानेवारी १९८२. अडीच लाख कामगार बाहेर. डॉक्टर सामंतांचा संप रीतसर मागे घेतल्याचं कोणी कधी सांगितलंच नाही, तो नुसता विरत गेला. दादा साच्यावरून सिक्युरिटीच्या गणवेशात आले. जिथे काम केलं त्याच्या पलीकडच्या कंपाउंडात मॉल झाला, त्याच्या गेटवर. आजोबांचा पक्षही वाचवायला आला नाही आणि दादांचाही.

मी आज कुठे आहे? मला उद्योग हवेत, कंपन्या हव्यात, आणि संप हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. यावर आजोबांची पुस्तकं वाचलेला माझा कॉलेजचा मित्र मला वर्गशत्रू म्हणतो. त्याचे वडील प्राध्यापक होते, वेतन आयोग लागू असलेले. संपाबद्दलची त्याची मतं पुस्तकातून आली, माझी बंद पडलेल्या भोंग्यातून. पुरोगामी दिशेला गेला तो जागा झाला आणि दुसरीकडे गेला तो भरकटला, असं गृहीत धरून हा धागा लिहिलाय. ते मला मान्य नाही.

निशिगंधा_दादर

नातू, मी तसं कुठे लिहिलंय ते दाखवा. पण शीर्षकावरून तसा वास येतो हे मान्य.

पुरावा_कुठे, शेजारच्या टेबलावर मिलिंद विद्यापीठातले... सॉरी, मराठवाड्यातून आलेले एक हेडक्लार्क होते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळात तिथे विद्यार्थी होते. १९७८ चा ठराव आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, या मधल्या सोळा वर्षांत काय काय झालं ते त्यांनी मला डब्याच्या वेळेत सांगितलं, आणि तेही मी विचारल्यावर. तेव्हा तुमचा बेनिंग्टनवाला बरोबर असावा.

बालवाडी_ते_बॅलट

आमचं घर सेवा दलातलं. चहात साखर कमी आणि भाषणं जास्त. वडिलांचा आग्रह की खाजगी कंपनी म्हणजे लूट. आणि फोनसाठी नंबर लावून आठ-नऊ वर्षं वाट बघणारेही तेच! २४ जुलै १९९१ चं मनमोहन सिंगांचं बजेट मी टीव्हीवर पाहिलं, माझं मतांतर त्या दिवशी झालं. वडिलांचं झालं नाही, मात्र पहिला मोबाईल घरात त्यांनीच घेतला.

बाकी चालू द्या.

घाटकोपर_पूर्व

वाचत होतो, लिहायचं नव्हतं. पण दोन गोष्टी.

एक. सवर्ण घरातल्या माणसाचं मतांतर हा प्रकार मी खूप ऐकलाय, ऑफिसच्या पिकनिकला रात्री दोन वाजता हमखास. त्या गोष्टीत आमचं काम ठरलेलं असतं. आमची फाईल, आमची वस्ती, आमच्यातला एखादा हेडक्लार्क, ते बघून कोणाचं तरी मन बदलतं. ताई, तुमच्याबद्दल राग नाही, लिहिलंय ते प्रामाणिक आहे. पण ती पदवीधर मुलगी झाडूच्या जागेवर रुजू झाली ना? तुमचं मत बदललं, तिचं टेबल बदललं नाही.

आणि तुमचा फॅमिली ग्रुप. बाबांना जे उत्तर देता ते कोणत्या सुरात देता? मी अशा बऱ्याच लोकांना भेटलोय ज्यांची बाजू बदलली पण खाली बघायची सवय गेली नाही. आधी आमच्याकडे खाली बघायचे, आता स्वतःच्या बापाकडे. बोलणं तेच. 'तुम्हाला काही कळत नाही.'

दोन. घरचं राजकारण वारशाने मिळणं ही फक्त तुमची मक्तेदारी नाही. आमच्या घरात निळा झेंडा आहे, आणि कुठला गट खरा यावरून बाबा आणि मोठे काका पंधरा वर्षं बोलत नाहीत. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली, तेव्हा मी सातवीत होतो. त्यानंतर कोणत्याही पक्षाला शिव्या द्यायची घरात मुभा होती, पण आपल्या पुढाऱ्यांना प्रश्न विचारायची नाही. ते मी विचारायला लागलो. मतांतर म्हणायचं तर ते हे.

आणखी एक, हे लिहायला जड जातंय. आंतरजातीय लग्न हाच जातीवरचा खरा इलाज, असं बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहून ठेवलंय. आमच्या बाबांना ते तोंडपाठ. बहिणीने मातंग मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा बाबा तीन दिवस जेवले नाहीत. 'आपल्याहून खालचे', हा शब्द त्या घरात मी पहिल्यांदा ऐकला. भिंतीवर फोटो होता, तो तसाच होता. लग्न झालं, बाबा आले नाहीत. आता नातवाला शाळेत सोडायला जातात. पण मुद्दा कोणी पटवला नाही त्यांना, नातू झाला.

कटिंग_चहा

मी आपली खुर्ची उचलतो. हा धागा वेगळाच आहे.

अवांतर_बुवा

अवांतराबद्दल क्षमस्व, पण धागाकर्ती दादरची म्हणून राहवत नाही. पुलापलीकडे पोर्तुगीज चर्चकडून सिद्धिविनायकाकडे जातो तो एस. के. बोले मार्ग. मंगळवारच्या रांगेत उभे राहणारे किती जण बोले कोण ते सांगतील? रावबहादूर सीताराम केशव बोले, दादरचे भंडारी समाजातले पुढारी. मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव आणला तो त्यांनी. त्याच ठरावाच्या आधाराने महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, कागदावर. ते प्रत्यक्षात आणायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तिथे जावं लागलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याच्या ठरावामागे होते सहस्रबुद्धे, जन्माने ब्राह्मण, मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगमधले.

आणि १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणपतीत अस्पृश्यांनाही पूजेचा हक्क हवा म्हणून प्रबोधनकार अडून बसले होते, बोले आणि आंबेडकर त्यांच्या बाजूने. मला सांगायचंय ते इतकंच, की दादरच्या घरात 'आमचं वळण पहिल्यापासूनच असं' म्हणतात तेव्हा ते पहिल्यापासून म्हणजे साधारण कधीपासून, हे एकदा विचारून बघा. मला तर संशय आहे की बरीचशी जुनी वळणं ही आजोबांच्या नाही, वडिलांच्या पिढीत लागलेली आहेत.

विलेपार्ले_पूर्व

बुवा, प्रत्येक धाग्यावर इतिहास. पण बोले मार्गाचं माहीत नव्हतं. मंगळवारी जातो मी.

दाभोळखाडी

मी चिपळूण भागातली, लग्नानंतर मुंबईत. घरी कोकणी, बाहेर मराठी. इथे मुसलमान घरातलं कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते.

आमच्याकडे हमीद दलवाई हे नाव शिवी म्हणून वापरलं जायचं. मुलगी उलट बोलली की 'झाली दलवाईची'. ते आमच्याच बाजूचे, मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ ला तोंडी तलाकच्या विरोधात त्यांनी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला. फक्त सात. माझी आई तेव्हा लहान, पण ती गोष्ट तिला ठाऊक होती, कारण गावातल्या बायका ती आपसांत कुजबुजत सांगायच्या. शाहबानोच्या पोटगीचा निकाल १९८५ चा. त्या वेळी वडील म्हणाले, कोर्टाने आमच्यात पडू नये. मी तेव्हा तेच खरं मानत होते. वीस-पंचवीस वर्षांनी माझ्या मामेबहिणीला फोनवर तलाक मिळाला, तेव्हा वडील गप्प, आणि मी गप्प राहिले नाही.

आता माझी अडचण वेगळी आहे, आणि ती वर कोणाला आलेली दिसत नाही. मी घरच्यांवर टीका केली की बाहेरचे टाळ्या वाजवतात. फार जोरात वाजवतात. २२ ऑगस्ट २०१७ ला तोंडी तलाक रद्द ठरवणारा शायरा बानोचा निकाल आला, मला मनापासून आनंद झाला, ऑफिसात पेढे वाटले गेले. पेढे वाटणाऱ्यांतल्याच एकाने महिन्याभरापूर्वी आम्हाला भाड्याने फ्लॅट नाकारला होता. मालक तो नव्हता, कमिटीवर होता. ब्रोकरने नाव विचारलं आणि मग 'कळवतो'. तेव्हा मला प्रश्न पडतो की घरात भांडून मिळवलेलं मत बाहेर बोलून दाखवायचं कोणासमोर? बोलले तर त्या माणसाच्या हातात दिल्यासारखं होतं. नाही बोलले तर वडिलांच्या.

निशिगंधाताईला वडिलांशी बोलायची पंचाईत आहे, मला वडिलांबद्दल बोलायची.

निशिगंधा_दादर

दाभोळखाडी, यावर माझ्याकडे काहीच उत्तर नाही.

घाटकोपर_पूर्व, सुराचं म्हणालात ते झोंबलं. आज ग्रुपवर जुने मेसेज वर सरकवून वाचले. पुढचं लिहीत नाही. ती मुलगी, हो, रुजू झाली. खात्यांतर्गत परीक्षा देता येतात, तिने दिली का ते माहीत नाही, माझी बदली झाली.

निवृत्त_१९४३

मी या स्थळाचा जुना वाचक, लिहितो क्वचित. वय ८२. माझा मुलगा आपल्यासारखाच आहे निशिगंधाताई, मतांनी. तेव्हा ज्याला आपण 'बाबा' म्हणता त्या बाजूने लिहितो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. गांधीजींचा खून झाला त्यानंतरच्या दिवसांत आमचा वाडा जाळला. मी पाच वर्षांचा. आठवतं ते फार थोडं: अंगावरच्या कपड्यानिशी बैलगाडीत बसलो आणि आईने माझ्या तोंडावर पदर धरला होता. वडिलांचा कोणत्याही संघटनेशी संबंध नव्हता, ते पोस्टात होते. मग १९५७ च्या १ एप्रिलला कूळ कायद्याने उरलेली जमीनही गेली. गिरगावात मामाच्या खोलीत आम्ही नऊ माणसं. माझं राजकारण तिथे घडलं. शाखेत गेलो कारण संध्याकाळी मैदानात कोणी तरी नावाने हाक मारायचं. मुंबईत तेव्हा मला नावाने हाक मारणारं दुसरं कोणी नव्हतं.

मुलगा मला विचारतो, तुम्हाला एवढा राग कशाचा? तो प्रश्न विचारतो आणि उत्तराच्या आधी लिंक पाठवतो. आपल्या बाबांचंही काही असेल. असेलच असं नाही. काही लोक नुसतेच कडवट असतात, आमच्या कट्ट्यावर आहेत तसे.

आम्ही घरी असं ठरवलं आहे की मुलगा आला की बातम्यांचे चॅनेल लावायचे नाहीत. क्रिकेट चालतं. त्यातही तो विराटवर टीका करतो, पण ते सहन होतं.

घाटकोपर_पूर्व

आजोबा, वाडा जाळला ते वाईटच झालं, त्यात किंतु-परंतु नाही. पाच वर्षांच्या मुलाने काय केलं होतं?

पण कूळ कायद्याचं लिहिलंत म्हणून विचारतो. ती जमीन कसत कोण होतं? कुळाला मिळाली म्हणजे जो नांगर धरत होता त्याला मिळाली. आमच्या आजोबांना त्या कायद्याने काही मिळालं नाही, कारण ते कूळही नव्हते. त्यांच्याकडे महार वतन होतं, म्हणजे गावची मढी ओढायची आणि सांगितलेला निरोप पोचवायचा. ते वतन रद्द करणारा कायदा आला १९५८ मध्ये. बाबासाहेब १९२८ पासून मागत होते. तुमच्या घरात ५७ साल हे गेल्याचं साल आहे. गावात दुसऱ्या कोणाच्या घरात ते आल्याचं आहे. दोन्ही घरांतली पोरं पुढे मुंबईत एकाच लोकलने गेली असणार.

गिरणगावचा_नातू

आणि तिसरं घर आमचं. आमचे पणजोबा सातारकडचे, कूळ. जमीन आली ती पाच भावांत वाटली आणि एकाला मुंबईत गिरणीत यावं लागलं.

कटिंग_चहा

म्हणजे धाग्यावर एकाच गावचे तिघं निघणार आता.

निवृत्त_१९४३

एकाच गावचे निघणार नाही, जिल्हा मोठा आहे.

घाटकोपर_पूर्व यांना: जमीन मराठा कुळाकडे गेली. ते लोक चांगले होते, पुढे बरीच वर्षं दिवाळीला तांदूळ पाठवत. ते कसत होते हे खरं. आमच्या घरात गेल्याचंच बोललं गेलं, कसण्याचं नाही. वतनाबद्दल आपण लिहिलं ते आमच्या घरी कधी निघालं नाही. मला वाचायला आवडेल, मराठीत काही असेल तर सुचवा.

माझं मत मात्र बदललेलं नाही. पुढच्या वेळीही जिथे देतो तिथेच देणार. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर इथे लोकांना वाटेल की म्हातारा विरघळला.

दाभोळखाडी

आजोबा, एक विचारू का? आपण सोसायटीच्या कमिटीवर आहात का? वयावरून वाटलं. असाल तर, आपल्याकडे फ्लॅट भाड्याने देताना काय विचारतात?

निवृत्त_१९४३

आहे. बोरिवलीत, गेली अकरा वर्षं सचिव. आपण सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगतो. उपविधींत असं काहीही नाही आणि असं कारण देऊन नाकारता येत नाही हे मला माहीत आहे. लेखी काही नाही. तोंडी आहे. ब्रोकरना ठाऊक आहे, त्यामुळे विषय कमिटीपर्यंत येतच नाही, तो गेटच्या आधीच संपतो.

विलेपार्ले_पूर्व

सगळ्याच सोसायट्यांत असतं. शाकाहारीवरून मराठी माणसालाही नाकारतात आमच्याकडे. त्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

दाभोळखाडी

काढा ना. मी पहिला प्रतिसाद देते.

निशिगंधा_दादर

आजोबा, गेटच्या आधी संपतो ते मलाही माहीत आहे. आमच्या बिल्डिंगचे अध्यक्ष माझे काका आहेत.

निवृत्त_१९४३

ऑगस्टमध्ये आमची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. भाडेकरूंची ना-हरकत लेखी अर्जावरच द्यायची आणि नाकारली तर कारण लेखी द्यायचं, असा विषय मी विषयपत्रिकेत घालतो. सचिव म्हणून तेवढा अधिकार मला आहे. मंजूर होणार नाही. पण इतिवृत्तात कोण काय बोललं ते येईल, आणि इतिवृत्त मी लिहितो.

मुलाला हे कळवायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोही इथे वाचतो बहुधा.

संपादक

सोसायटी नियमांची चर्चा 'घर आणि कायदा' विभागात नवीन धागा काढून करावी. हा धागा चालू आहे.

विलेपार्ले_पूर्व

धागा काढला आहे. दाभोळखाडी, पहिला प्रतिसाद तुमचा ठरला होता.